अंगण खरोखरच वाकडें असतें तेव्हां

ज्या घरांत संगणकावर खेळणारीं मुलें आहेत, त्या घरांत “माउस मागें पडतो” आणि “गेम अडखळतो” हीं दोन वाक्यें आतां सर्वांच्या कानांस सवयीचीं झालीं आहेत. मुलगा डाव हरतो, माउसला दोष देतो, आणि आंतून आजीचा शेरा येतो : नाचतां येईना, अंगण वाकडें ! पुढें प्रकरण दोहोंपैकीं एका टोकास जातें. मुलगा सबबी सांगतो असें ठरवून त्याचें म्हणणें उडवून लावलें जातें. नाहीं तर एखादा जाणता आप्त “यंत्र जुनें झालें, नवें घ्या” असा निवाडा देतो आणि घरच्या शिलकेंतून पन्नास-साठ हजारांची खरेदी ठरते. आमच्या मतें हे दोन्ही निर्णय घाईचे होत. अंगण वाकडें आहे कीं नाहीं हें मोजून पाहतां येतें, आणि त्या मोजणीस बहुधा एक संध्याकाळ पुरते.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, या दोन तक्रारी एक नव्हेत. गवयामागून पेटीवाला सारखाच अर्धी मात्रा मागें येत असेल, तर तो विलंब. तोच मधूनच चार स्वर गाळून एकदम पुढें उडी मारील, तर तें अडखळणें. हात हालल्यापासून पडद्यावर चित्र हालेपर्यंत वाटेंत बरेच टप्पे आहेत. साधा माउस आपली हालचाल सेकंदास १२५ वेळां, म्हणजे दर ८ सहस्रांश सेकंदांनीं संगणकास कळवितो. खेळासाठीं केलेला माउस १००० वेळां कळवितो. संगणक त्यावरून नवें चित्र काढतो, आणि साधा पडदा सेकंदास ६० चित्रें दाखवितो. यांपैकीं कोठेंही रांग लागली कीं विलंब होतो. एखादेंच चित्र काढण्यास फार वेळ लागला, तर डोळ्यांस धक्का बसतो.

येथें सरासरी मोठी फसवी असते. खेळाच्या कोपऱ्यांत “सेकंदास ६० फ्रेम” असा आंकडा झळकतो आणि वडील म्हणतात, “सर्व ठीक तर आहे !” परंतु ५९ चित्रें प्रत्येकीं १० सहस्रांश सेकंदांत आलीं आणि साठाव्यास ४१० लागले, तरी हिशेब साठाचाच भरतो; आणि त्या जवळजवळ अर्ध्या सेकंदाच्या खळग्यांत मुलाचा गडी मरतो. ‘द टेक रिपोर्ट’ या नियतकालिकाचे संपादक स्कॉट वॉसन यांनीं २०११ सालीं प्रत्येक चित्राचा वेळ निरनिराळा मोजून हीच गोष्ट पुढें मांडली, व तेव्हांपासून यंत्रांच्या परीक्षणांत ही मोजणी रूढ झाली. मुलाची तक्रार आणि कोपऱ्यांतील आंकडा यांत विरोध दिसला, तर आम्ही मुलाच्या बाजूनें झुकतों.

मोजणीचा आरंभ खेळाबाहेर करावा. खेळ बंद करून माउस नुसता इकडेतिकडे फिरवावा. बाण तेथेंही अडखळत असेल, तर दोष माउसपाशीं आहे. हल्लींचा माउस आपल्या पोटाखालच्या पृष्ठभागाचीं सेकंदास हजारांहून अधिक चित्रें टिपतो आणि त्यांची तुलना करून हालचाल ओळखतो. दिवाणखान्यांतील कांचेच्या टेबलावर त्याला टिपण्यासारखें कांहींच सांपडत नाहीं. खालीं कापडी पॅड घातला कीं पुष्कळ ठिकाणीं रोग तेथेंच बरा होतो. (स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ च्या सुमारास जो पहिला माउस झाला, तो लांकडी खोक्यास दोन चाकें लावलेला होता, त्याला कांचेची अडचण खचित पडली नसती!) बिनतारी माउसचा ग्राहक, म्हणजे ती नखाएवढी कळी, संगणकाच्या मागच्या बाजूस निळ्या यूएसबी ३.० खांचेशेजारीं बसवूं नये. त्या खांचेंतील जोडणीचा गोंगाट माउसच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत पसरतो, हें इंटेलनें २०१२ सालींच दाखवून दिलें आहे. लांबण लावून ती कळी टेबलावर, माउसच्या जवळ आणावी. सेलही एकदां बदलून पाहावा.

ऑनलाइन खेळांत आणखी एक गल्लत होते. आपली नजर सुरळीत वळते, पण इतर गडी मात्र बेडकाप्रमाणें उड्या मारतात. हा दोष जाळ्याचा, माउसचा नव्हे. राउटरपासून संगणकापर्यंत तार ओढावी.

खेळांतच विलंब जाणवत असेल, तर पडद्याकडे पाहावें. पुष्कळ घरीं संगणक दिवाणखान्यांतील टीव्हीस जोडलेला असतो. टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादांत तें थोडें अडवून धरतो. त्यांतील ‘गेम मोड’ चालू करतांच फरक कळून येतो. सेकंदास १४४ चित्रांचा पडदा हौसेनें विकत घेऊन तो विंडोजच्या मांडणींत ६० वरच ठेवलेला, असेंही आढळतें ! नंतर ‘व्ही-सिंक’. चित्र फाटल्यासारखें दिसूं नये म्हणून हा बंदोबस्त प्रत्येक चित्रास पडद्याची पाळी येईपर्यंत थांबवितो. पाळी थोडक्यांत हुकली कीं पुढच्या पाळीची वाट पाहणें आलें. साध्या व्यवस्थेंत ६० चे एकदम ३० होतात आणि हात जड वाटूं लागतो. तो बंद करून पाहावा. चित्रें काढणारें कार्ड पूर्ण भारानें चालत असेल, तर त्याच्या दाराशीं कामांची रांग लागते. सजावट थोडी कमी करावी, अथवा चित्रसंख्येस मर्यादा घालावी. एन्व्हीडियानें २०२० सालीं आणलेली ‘रिफ्लेक्स’ ही सोय हीच रांग तोडण्यासाठीं आहे. ज्या खेळांत ती आहे, तेथें ती अवश्य चालू करावी.

अडखळण्याचीं कारणें निराळीं. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळल्यास त्याचा श्वास कोंडतो, आणि तापलेलें यंत्र आपण होऊन वेग उतरवितें. पंख्यांतील धूळ काढणें आणि चार्जर जोडून खेळणें हे बिनखर्ची उपाय आहेत. ब्राउझरच्या चाळीस खिडक्या उघड्या ठेवल्यास स्मरणशक्ति अपुरी पडते व यंत्र डिस्ककडे धांव घेतें. पण सर्वांत फसवें कारण ‘शेडर’ हें होय. खेळांतील प्रकाश, पाणी, धूर इत्यादि रंगविण्याच्या ज्या सूचना असतात, त्या प्रत्येक कार्डाच्या बोलींत उतरवाव्या लागतात. हें काम आधीं न करतां ऐन खेळांत केलें, तर पंगत बसल्यावर पुरण वाटायला घेतल्यासारखें होतें ! पानावरची मंडळी खोळंबते. २०२२ च्या फेब्रुवारींत ‘एल्डन रिंग’ हा खेळ निघाला, तेव्हां अत्यंत बलाढ्य संगणकांवरही तो अडखळत होता. उलट वाल्व्ह कंपनीच्या अभियंत्यांनीं आपल्या ‘स्टीम डेक’ या लहानशा यंत्रावर स्मृतीची व्यवस्था सुधारून तें अडखळणें पुष्कळ कमी केलें. त्या वेळीं केवळ त्यासाठीं नवें यंत्र घेणाराचे पैसे पाण्यांत गेले असते.

याची खूण सोपी आहे. एखाद्या जागीं पहिल्यानें जातांना धक्का बसतो आणि दुसऱ्यानें त्याच जागीं बसत नाहीं, तर समजावें कीं पुरण वाटलें जात आहे. पुष्कळ खेळ आरंभींच “शेडर तयार होत आहेत” असें सांगून थांबवितात. मुलें उतावीळपणें तो टप्पा वगळतात. तो पुरा होऊं द्यावा. कार्डाचा ड्रायव्हर बदलल्यावर हें काम पुन्हां करावें लागतें, म्हणून “कालपर्यंत ठीक होतें” या तक्रारीस हंसूं नये.

दुकानदार मात्र वेगळें औषध देतो : सेकंदास ८००० वेळां बोलणारा माउस. पण इतक्या वाचाळ माउसचें ऐकतां ऐकतां प्रोसेसरच थकतो, आणि कांहीं खेळ त्यामुळेंच अडखळतात. मायक्रोसॉफ्टनें २०२३ सालीं विंडोज ११ मध्यें पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमांकडे जाणाऱ्या अशा संदेशांस लगाम घातला, तो याच कारणास्तव. घरांत असा माउस आलाच असेल, तर तो १००० वर आणून खेळून पाहावें.

इतकें करूनही दोष राहिला, तर शेवटची परीक्षा. खेळांतील चित्राचें रिझोल्यूशन ७२० पर्यंत उतरवावें. अडखळणें थांबलें, तर कार्ड दुबळें आहे. कांहींच फरक पडला नाहीं, तर प्रोसेसर किंवा स्मृति कमी पडते आहे. स्मृतीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी जोडल्यानें पुष्कळदां काम भागतें. त्या खरेदीस जातांना वडिलांनीं मुलास बरोबर न्यावें. कोणता भाग लागतो हें एव्हांना दुकानदारापेक्षां त्यालाच अधिक ठाऊक असेल.