व्याजाचे पैसे

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. पण व्याजाचं काय करायचं? वाटून घ्यायचं, की कुणा गरजू मुलीच्या फीला द्यायचं? अशा वेळी मला अमेरिकेतली कॅथरीन ड्रेक्सेल आठवते. वडिलांच्या मुद्दलावर तिचा हक्क कधीच नव्हता. हाती आलं ते व्याज, आणि आयुष्यभरात तिनं दान केलेली रक्कम भरली सुमारे दोन कोटी डॉलर!

२६ नोव्हेंबर १८५८ रोजी फिलाडेल्फियात एका बड्या कॅथलिक बँकरच्या घरी ती जन्मली. पाच आठवड्यांतच आई गेली. पुढे वडिलांनी एमा नावाच्या बाईशी लग्न केलं. सावत्र आई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते इथे साफ पुसून टाका. पहिलीच्या दोन मुली, एलिझाबेथ आणि केट, आणि स्वतःची लुईझ, यांच्यात एमानं तसूभर फरक केला नाही. ही आपली सख्खी आई नाही, हे केटला बरीच जाणती होईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

एमाचा एक नेम होता. आठवड्यातून तीन दिवस घराचं दार गरिबांसाठी उघडं. कुणाचं थकलेलं घरभाडं, कुणाला कपडे, कुणाला औषध. मुली तिच्या हाताखाली असायच्या. मागायला लाजणाऱ्यांच्या घरी ती गुपचूप मदत पोचवायची. १८८३ साली कॅन्सरनं ती गेली. त्या दुखण्यात केटनंच तिची सेवा केली. पैशानं सगळं विकत घेता येत नाही, हे तिला तिथंच, त्या खोलीत कळलं असणार.

१८८५ साली वडीलही गेले. त्यांचं मृत्युपत्र मात्र वाचण्यासारखं! दीड कोटीहून अधिक डॉलरची मालमत्ता. त्यातला दहावा भाग लगेच धर्मादाय संस्थांना. बाकीचं मुद्दल विश्वस्तांकडे, आणि त्याचं उत्पन्न तिघी मुलींना. पैशावर डोळा ठेवून लग्नाला उभे राहणारे आणि पुढे होणारे जावई, दोघांनाही त्याला हात लावता येऊ नये अशी सोय. आपल्याकडे अजूनही सातबाऱ्यावर नाव बाईचं आणि कारभार भलत्याचाच असतो, म्हणून मला या बापाचं फार कौतुक वाटतं. एक अट मात्र होती. मुलींना मूलबाळ झालं नाही, तर शेवटच्या मुलीनंतर सगळं मुद्दल त्यांनी यादीत लिहिलेल्या संस्थांना जायचं.

केटचं मन ओढलं ते तिथल्या मूळ रहिवाशांकडे, म्हणजे तेव्हा ज्यांना रेड इंडियन म्हणत त्यांच्याकडे, आणि कृष्णवर्णीयांकडे. शाळांसाठी ती पैसे पाठवत होतीच. जानेवारी १८८७ मध्ये रोमला पोप तेरावे लिओ यांना भेटून तिनं विनंती केली, की यांच्यासाठी मिशनरी पाठवा. पोपनी उलट तिलाच विचारलं, की तू स्वतःच का मिशनरी होत नाहीस? बाहेर येऊन ती रडली. घरोब्याच्या बिशपांना वाटायचं, लाडाकोडात वाढलेल्या या मुलीला मठातलं जिणं झेपायचं नाही. तरी १८८९ मध्ये ती मठात गेलीच. फेब्रुवारी १८९१ मध्ये व्रत घेऊन तिनं ‘सिस्टर्स ऑफ द ब्लेस्ड सॅक्रामेंट’ हा स्वतःचा संघ काढला.

आता गंमत बघा. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या या बाईच्या नावानं लाखोंचं उत्पन्न येतच होतं! ते शाळांकडे जायचं. स्वतः मात्र पेन्सिल अगदी बोटात धरता येईनाशी होईपर्यंत वापरायची, असं सांगतात.

शाळा काढणं तरी सोपं होतं का? १९०५ साली नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय मुलींच्या शाळेसाठी जागा घ्यायची, तर आपलं नाव लपवून मध्यस्थामार्फत घ्यावी लागली. खरं कळल्यावर मूळ मालकानं व्यवहार मोडायची खटपट केली. कॅथरीन बधली नाही. शाळा झाली. न्यू ऑर्लिन्समध्ये १९१५ साली काढलेल्या शाळेतून १९२५ मध्ये झेव्हियर विद्यापीठ उभं राहिलं. तिथं शिकलेले कितीतरी कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढे डॉक्टर आणि फार्मासिस्ट झाले.

एक गोष्ट मात्र मला खटकते. कृष्णवर्णीयांसाठी झटणाऱ्या या संघात कृष्णवर्णीय मुलींनाच सिस्टर म्हणून कित्येक वर्षं प्रवेश नव्हता. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांवर पुढे टीका झाली, आणि तसल्या शाळांना हिच्याही पैशाचा हातभार होता. हेही तिच्या खात्यावर लिहायलाच हवं.

एलिझाबेथ १८९० साली बाळंतपणात गेली, पुढे लुईझही गेली. दोघींच्या मागं मूल नाही. म्हणजे सगळं व्याज एकट्या कॅथरीनकडे, आणि तिचा श्वास आहे तोवरच! १९३५ मध्ये तिला हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरची जवळपास वीस वर्षं खोलीत, प्रार्थनेत गेली. ३ मार्च १९५५ रोजी, शहाण्णवाव्या वर्षी ती गेली आणि मृत्युपत्राप्रमाणे मुद्दल वडिलांच्या यादीतल्या संस्थांकडे गेलं. त्या यादीत तिचा संघ नव्हता. कसा असेल? मृत्युपत्र लिहिलं तेव्हा तो जन्मलाच नव्हता. तिच्या शाळा, तिचं विद्यापीठ यांना त्यातला एक डॉलरही मिळाला नाही. सिस्टरांना पुढं आपापल्या बळावर चालवावं लागलं.

१ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संतपद दिलं. पुढं संघाला आपला मुख्य मठही विकायला काढावा लागला, आणि २०१८ मध्ये तिथली तिची समाधी फिलाडेल्फियाच्या कॅथेड्रलमध्ये हलवली. झेव्हियर विद्यापीठ मात्र चालूच आहे.