शनिवार तेली आणि मलिदा

इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास असीरियाने इस्राएलचे राज्य जिंकले आणि तिथले दहा वंश पांगले. सिम्का जेकोबोविची यांचा माहितीपट त्यांचा माग काढत जगभर फिरतो. आपल्या कोकणात हा प्रश्न शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनिवार तेल्यां’चा. नौगावपाशी गलबत फुटले, सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायलींची परंपरा सांगते. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे इथल्याच गावांची. तरी इस्रायलमध्ये लग्नाच्या वेळी त्यांच्याकडे यहुदीपणाचा पुरावा मागितला गेला. पुरावा मागणारे सगळीकडे सारखेच! आंदोलन झाले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानले. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात यहुदी आणि भारतीय, दोन्ही रक्ते आढळली. एलियाहू हन्नबीच्या नावाने ते मलिदा करतात. आमच्या शहापूर-मुरबाडकडे दर्ग्यावरही मलिदाच चढतो.