इ. स. १९५१-५२ ची लोकसभा निवडणूक व ‘दोन मतांचे’ मतदारसंघ

भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे आकडे आज कोणासही सहज मिळतात. परंतु ते वाचावयाचे कसे, हें सांगणारी पिढी आतां जवळजवळ सरली आहे. याचा प्रत्यय आम्हांस वारंवार येतो. मतदारांच्या याद्यांत १७ कोटी ३२ लाख नांवें होतीं, मोजलेलीं ग्राह्य मतें १० कोटी ५९ लाख भरलीं, म्हणून शेंकडा ६१ मतदारांनीं मतदान केलें, असा हिशेब पुष्कळ विद्यार्थी निःशंकपणें मांडतात. निवडणूक आयोगाच्या कोष्टकांत मात्र मतदानाचें प्रमाण शेंकडा ४५ च्या आसपास दिलेलें आढळतें. मग कोणी आयोगास दोष देतो, कोणी छपाईस. वस्तुतः भागाकार बरोबर आहे व कोष्टकही बरोबर आहे. ‘मत’ आणि ‘मतदार’ यांची संख्या सर्वत्र सारखी असते हें गृहीत तेवढें निराधार आहे. या गृहीताचें निरसन करणें, व तें करतांना त्या निवडणुकींतील पक्षांच्या यशापयशाकडे पुन्हा एकवार पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

त्या वेळीं लोकसभेच्या ४८९ जागांसाठीं ४०१ मतदारसंघ आंखले होते. त्यांपैकीं ३१४ संघांतून प्रत्येकीं एक, ८६ संघांतून प्रत्येकीं दोन, व उत्तर बंगाल या एकाच संघांतून तीन प्रतिनिधि निवडावयाचे होते. द्विसदस्य संघांतील एक जागा अनुसूचित जातींकरितां अथवा जमातींकरितां राखीव असे व दुसरी सर्वांस खुली असे. ती राखीव जागा भरण्याचा अधिकार मात्र केवळ त्या त्या जातिजमातींच्या मतदारांस नव्हता. संघांतील प्रत्येक मतदारास दोन मतें होतीं व तीं त्यानें वाटेल त्या दोघांस द्यावयाचीं होतीं. १९३२ च्या पुणें करारानें विभक्त मतदारसंघांची कल्पना मागें पडून संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा हा जो मार्ग निघाला, त्याचेंच हें पुढील रूप. संस्कृत व्याकरणांतील द्विवचन मराठीनें केव्हांच टाकून दिलें. आमच्या निवडणूक कायद्यानें तें स्वातंत्र्योत्तर काळांत आणखी कांहीं वर्षें जपून ठेविलें, असें विनोदानें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां वरील हिशेब पुन्हा करून पाहूं. एकूण मतदारांस एकूण जागांनीं भागिलें असतां जागेमागें सुमारें साडेतीन लाख मतदार येतात; म्हणजे द्विसदस्य संघांत सरासरीनें सात लाख. अशा ८६ संघांत सहा कोटींच्या वर मतदार झाले व त्या प्रत्येकाचें एक मत अधिक धरावयास पाहिजे. उत्तर बंगालची भर घातली म्हणजे देय मतांची संख्या १७ कोटींवरून साडेतेवीस कोटींपर्यंत जाते, आणि १० कोटी ५९ लाखांचें तिच्याशीं प्रमाण शेंकडा ४५ येतें. हा आमचा ढोबळ अंदाज आहे. बिनविरोध झालेल्या जागा यांत वगळलेल्या नाहींत. तथापि कोड्याचा उलगडा होण्यास तो पुरेसा आहे. याच ओघांत दुसरीही एक गोष्ट नमूद करतों. यादींतील १७ कोटी ३२ लाख हा आकडाही सर्व प्रौढ प्रजेचा नव्हे. स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची पत्नी’ वा ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगणाऱ्या सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आज्ञेवरून यादींतून गाळण्यांत आलीं होतीं.

मतदानाची पद्धतिही आजच्याहून अगदीं निराळी होती. हिमाचल प्रदेशांत चिनी व पांगी या तहसिलींत, बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वीं, ऑक्टोबर १९५१ मध्येंच आरंभ झाला व पुढें फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशभर मतदान चालू राहिलें. मतपत्रिकेवर उमेदवारांचीं नांवें छापलेलीं नसत. शिक्का मारावयाचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पोलादी पेटी स्वतंत्र, तिच्यावर त्याचें चिन्ह डकविलेलें, आणि मतदारानें पडद्याआड जाऊन आपली पत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचें झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, कम्युनिस्टांचें कणीस व विळा, जनसंघाचा दिवा, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, रामराज्य परिषदेचा उगवता सूर्य: बहुसंख्य निरक्षर मतदारांनीं राजकीय पक्ष पाहिला तो प्रथम अशा चित्रांच्या रूपानें. यांपैकीं बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईजवळ विक्रोळी येथें गोदरेजच्या कारखान्यांत तयार झाल्या होत्या.

द्विसदस्य संघांत मतदाराच्या हातीं अशा दोन पत्रिका पडत. त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकाव्या, दोन्ही एकाच पेटींत टाकल्यास एकच ग्राह्य धरून दुसरी रद्द करावी, असा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा दंडक होता. मोजणी संपल्यावर प्रथम राखीव जागा भरावयाची. तीवर हक्क असलेल्यांत ज्यास सर्वांत अधिक मतें, तो निवडून आला. नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत, मग ते कोणत्याही जातीचे असोत, ज्यास अधिक मतें त्यास दुसरी जागा. वाचकांनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

मुंबई शहर (उत्तर) हा संघ या दृष्टीनें अत्यंत बोधक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सप्टेंबर १९५१ मध्यें मंत्रिमंडळांतून बाहेर पडले होते व फेडरेशनच्या वतीनें येथील राखीव जागेसाठीं उभे होते. समाजवादी पक्षाशीं फेडरेशनचें सख्य झालें होतें व त्या पक्षाचे अशोक मेहता खुल्या जागेसाठीं त्यांचे जोडीदार होते. काँग्रेसतर्फे विठ्ठल बाळकृष्ण गांधी व राखीव जागेसाठीं नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे हेही रिंगणांत होते. मतें पुढीलप्रमाणें पडलीं: गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. मतांच्या अनुक्रमांत दुसरे असलेले मेहता पडले व तिसरे असलेले काजरोळकर निवडून आले, तें वर सांगितलेल्या नियमामुळें. ज्यांनीं राज्यघटनेच्या मसुद्याचें काम तडीस नेलें, त्यांचा त्याच घटनेखालील पहिल्या निवडणुकींत १४,५६१ मतांनीं पराभव झाला.

यानंतर मेहता व आंबेडकर यांनीं निकालाविरुद्ध अर्ज केला. मतदारांनीं आपलें दुसरें मत ‘कुजवावें’ असा पद्धतशीर प्रचार करण्यांत आला, व तो कम्युनिस्टांकडून झाला, असा त्यांचा आरोप होता. ७४,३३३ पत्रिका रद्द झाल्या होत्या, हें त्यांच्या म्हणण्यास मुख्य आधार. निकाल कायम राहिला. परंतु ‘मत कुजविणें’ हा शब्दप्रयोग मराठी राजकारणांत रूढ झाला. तो फार अन्वर्थक आहे. मत दुसऱ्यास न देतां, स्वतःच्याही कामीं न आणतां, जागच्या जागीं नासूं देणें हा त्याचा भाव. दोन्ही पत्रिका एकाच पेटींत टाकणें हा त्याचा एक मार्ग. दुसरी पत्रिका निवडून येण्याची मुळींच आशा नसलेल्याच्या पेटींत टाकणें हा दुसरा.

रद्द पत्रिकांची संख्या पराभवाच्या अंतराच्या पांचपट आहे, म्हणून पराभवाचें कारण तेंच, असें विधान अनेकांनीं केलेलें आढळतें. आमच्या मतें एवढ्यावरून तें सिद्ध होत नाहीं. एकाच पेटींत पडलेल्या दोन पत्रिकांपैकीं जी रद्द झाली, ती त्या पेटीच्या धन्याची हानि नव्हे. त्याला मिळावयाचें तें एक मत मिळालेंच. हानि झाली असेल तर ती दुसऱ्या कोणाची तरी. डांग्यांच्या किंवा मेहतांच्या पेटींत अशा जोडपत्रिका पडल्या असतील तर आंबेडकरांचा तोटा संभवतो; आंबेडकरांच्याच पेटींत पडल्या असतील तर तोटा मेहतांचा, आणि मेहता अवघ्या ९,३९७ मतांनीं मागें होते हें विसरूं नये. तेव्हां ७४,३३३ हा आकडा पेटीवार फोडल्यावांचून तो कोणाच्याही पक्षीं साक्ष देत नाहीं. डांग्यांना मत देणाऱ्या प्रत्येकाजवळ आणखी एक मत होतें, आणि त्या दुसऱ्या मतांतील पंधरा हजार जरी हत्तीच्या पेटीकडे वळलीं असतीं तरी निकाल बदलला असता, एवढें मात्र निर्विवाद आहे.

या आकड्यांत दुसरी एक गोष्ट दडलेली आहे व ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. काँग्रेसच्या जोडींत राखीव जागेचा उमेदवार खुल्या जागेच्या उमेदवाराहून ११,००१ मतांनीं मागें आहे. विरुद्ध जोडींत हें अंतर १६,१६५ आहे. दोन्ही पक्षांच्या कांहीं अनुयायांनीं आपल्या पक्षाच्या सवर्ण उमेदवारास मत दिलें, पण त्याच्या अस्पृश्य जोडीदारास दिलें नाहीं, असें यावरून अनुमान निघतें. तें सर्वस्वीं अस्पृश्यतेच्या भावनेमुळेंच, असें म्हणण्याचें साहस आम्ही करणार नाहीं. दोन पत्रिकांचा घोळ व अज्ञान हींही कारणें असूं शकतात. परंतु अज्ञान दोन्ही जोड्यांत एकाच बाजूस झुकावें, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणेंही इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. १९५४ मध्यें भंडारा येथील पोटनिवडणुकींत हाच प्रकार अधिक स्पष्टपणें दिसला. तेथेंही संघ द्विसदस्य. अशोक मेहता खुल्या जागेवर निवडून आले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आंबेडकरांस पाडून विजयी झाले.

याच्या उलट उदाहरण सोलापूरचें. तेथें १९५२ मध्यें खुली जागा शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे यांस व राखीव जागा फेडरेशनचे पां. ना. राजभोज यांस मिळाली. हैदराबाद संस्थानांतील करीमनगर येथें पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे बद्दम येल्ला रेड्डी व फेडरेशनचे एम. आर. कृष्ण असेच जोडीनें निवडून आले. सबंध देशांत फेडरेशनला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, त्या या. दोन्ही द्विसदस्य संघांतील, आणि दोन्ही ठिकाणीं खुली जागाही काँग्रेसेतर पक्षाकडे गेलेली. दुसरें मत जेथें जोडीदारापर्यंत पोहोंचलें तेथें हत्ती पार झाला, असें म्हणतां येईल.

अखिल भारतीय पक्षांच्या तुलनेंतही असाच सावधपणा अवश्य आहे. काँग्रेसला शेंकडा ४५ मतांवर शेंकडा ७४ जागा मिळाल्या, कारण विरोधी मतें अनेक पेट्यांत विभागलीं. समाजवादी पक्षानें २५४ उमेदवार उभे केले, शेंकडा १०.६ मतें मिळविलीं व जागा जिंकल्या १२. कम्युनिस्ट पक्षानें अवघे ४९ उमेदवार उभे करून शेंकडा ३.३ मतांवर १६ जागा जिंकल्या. बळ कोठें एकवटावें हें एका पक्षास कळलें व दुसऱ्यास कळलें नाहीं, एवढाच याचा अर्थ. समाजवाद्यांनीं तो धडा घेऊन सप्टेंबर १९५२ मध्यें आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशीं ऐक्य केलें. नलगोंड्याचे रावी नारायण रेड्डी यांस ३,०९,१६२ मतें पडून ते पंडित नेहरूंच्याही (२,३३,५७१) पुढें गेले, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. दोघेही द्विसदस्य संघांतून उभे होते म्हणून ही तुलना चालते; एकसदस्य संघांतील विजयी उमेदवाराशीं ती केली तर व्यर्थ होईल, कारण तेथें मूळ मतदारच निम्मे.

या पद्धतीचा शेवट कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. १९५७ च्या निवडणुकींत आंध्रांतील पार्वतीपुरम् येथें अनुसूचित जमातींच्या दोन उमेदवारांस सर्वांत अधिक मतें पडलीं. एकास राखीव व दुसऱ्यास, म्हणजे दिप्पल सूरी डोरा यांस, खुली जागा मिळाली, आणि पुढें राष्ट्रपति झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व १९५९ मध्यें न्यायालयानें निकाल योग्य ठरविला. राखीव जागेचा हक्क असलेल्यास खुल्या जागेचा हक्क नाहीं असें होत नाहीं, हा त्याचा आशय. १९६१ च्या कायद्यानें द्विसदस्य संघ रद्द झाले व राखीव जागांसाठीं स्वतंत्र एकसदस्य संघ ठरविण्यांत आले. चिन्हांच्या स्वतंत्र पेट्याही त्याच सुमारास मागें पडल्या व नांवें-चिन्हें छापलेल्या पत्रिकेवर खूण करण्याची रीत आली.

या विषयाचीं अस्सल साधनें आतां दुर्मिळ होत चाललीं आहेत. १९५२ व १९५७ च्या निवडणुकींतील हस्तपत्रकें, ‘दोन्ही मतें अशीं द्या’ अथवा ‘एकच मत द्या’ असें सांगणारीं भित्तिपत्रकें, मतमोजणीच्या वेळीं पक्षप्रतिनिधींनीं केलेलीं पेटीवार टिपणें, असें कांहीं ज्या वाचकांच्या घरीं जुन्या कागदपत्रांत असेल, त्यांनीं तें रद्दींत न घालतां, मिळाल्याचें गांव व वर्ष नोंदून, जवळच्या संशोधन-संस्थेच्या दप्तरांत द्यावें. सोलापूर, भंडारा व मुंबई उत्तर येथील कागद विशेष अगत्यानें जपावे.