मुरमे आणि आपल्या नित्याच्या सवयी

तारुण्यात पदार्पण करणाऱ्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर उठणारी मुरमे माणसाला फार पूर्वीपासून परिचित आहेत. सुश्रुतसंहितेत त्यांना 'मुखदूषिका' असे नाव दिले असून, तरुणांच्या मुखावरील या पुळ्या शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांसारख्या असतात असे त्यांचे वर्णन केले आहे. मराठीतील 'तारुण्यपिटिका' हा शब्दही या विकाराचा वयाशी असलेला संबंधच सुचवतो. वयात येताना शरीरात होणारे बदल आणि आनुवंशिकता ही मुरमांची मूळ कारणे होत. त्यांवर आपला काही ताबा चालत नाही. परंतु मुरमे किती येतील, किती काळ टिकतील आणि जाताना मागे डाग ठेवून जातील की काय, हे काही अंशी आपल्या रोजच्या वागण्यावरही अवलंबून असते. यातील विपरीत गोष्ट अशी की, ज्या सवयींमुळे मुरमे वाढतात त्यांपैकी पुष्कळशा आपण त्वचेचे भले व्हावे म्हणूनच लावून घेतलेल्या असतात.

मुरूम कसे तयार होते

आपल्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. केस ज्यातून उगवतो त्या छिद्राला रोमकूप म्हणतात. रोमकुपाला लागून एक तैलग्रंथी असते आणि तिच्यातून पाझरणारा तेलकट स्राव रोमकुपाच्या वाटेने त्वचेवर येतो. या स्रावामुळे त्वचा मऊ राहते. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, छाती आणि पाठीचा वरचा भाग या ठिकाणी तैलग्रंथी मोठ्या आणि दाट असतात, म्हणून मुरमेही प्रामुख्याने तेथेच येतात.

वयात येताना पुरुषसंप्रेरकांचे प्रमाण वाढते. ही संप्रेरके मुलींच्या शरीरातही थोड्या प्रमाणात असतात. त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक स्राव निर्माण करू लागतात. त्याच सुमारास रोमकुपाच्या आतील अस्तराच्या मृत पेशी नेहमीप्रमाणे सुटून बाहेर न पडता एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि मृत पेशी यांचा मिळून एक बूच तयार होतो आणि रोमकुपाचे तोंड बंद होते. आत कोंडलेल्या तेलावर त्वचेवर नेहमीच वास करणारे जिवाणू वाढतात, दाह सुरू होतो आणि लाल, दुखरी पुळी वर दिसू लागते. काही वेळा बुचाचे टोक उघडे राहून काळे पडते. हा काळेपणा मळाचा नव्हे. त्वचेतील रंगद्रव्य आणि हवेशी संपर्क आलेले तेल यांमुळे तो येतो. तेव्हा मुरमे म्हणजे अस्वच्छतेची खूण, हा समज निराधार आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. रोमकूप बंद होऊ लागल्यापासून पुळी डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा कित्येक आठवडे लोटतात. त्यामुळे आज उठलेल्या मुरमासाठी आपण कालच्या तळलेल्या पदार्थाला दोष देतो. दोन महिन्यांपासून नित्यनेमाने चेहऱ्याला लागणाऱ्या एखाद्या वस्तूवर मात्र आपला संशय जात नाही. कारण आणि परिणाम यांच्यात पडलेल्या या अंतरामुळेच अशा सवयी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू राहतात.

केसांचे तेल

केसांना तेल लावण्याची चाल भारतात सर्वत्र आहे. केरळात आणि कोकणात खोबरेल, तर उत्तरेत आणि बंगालात मोहरीचे तेल वापरण्याचा प्रघात आहे. तेलाने केसांची निगा राखली जाते यात शंका नाही. परंतु डोक्यावर चोपडलेले तेल घामाबरोबर कपाळावर आणि कानशिलांवर उतरते आणि तेथील रोमकुपांची तोंडे बुजवते. केसांना लावण्याच्या स्निग्ध प्रसाधनांमुळे कपाळावर येणाऱ्या बारीक पुळ्यांचे वर्णन अमेरिकेतील प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० साली केले होते. कपाळावर केसांच्या कडेने एकसारख्या आकाराचे बारीक दाणे दिसत असतील, तर प्रथम तेलाचा विचार करावा. त्यासाठी तेल वर्ज्य करण्याची गरज नाही. न्हाण्यापूर्वी तास-दोन तास ते लावावे, कपाळावर येऊ देऊ नये आणि नंतर केसांबरोबर कपाळही धुवावे. रात्रभर तेल ठेवून झोपल्यास तेच तेल उशीच्या अभ्र्याला लागते आणि तेथून गालांवर येते.

धुणे आणि घासणे

मुरमे मळामुळे येतात या समजुतीने कित्येक तरुण दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, तर सामान्य साबण अल्कधर्मी असतो. पुन्हा पुन्हा साबण लावल्याने त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते. ती कोरडी पडते, चुरचुरते आणि दाह वाढतो. अति धुण्यामुळे मुरमे बळावतात असे मिल्स आणि क्लिगमन यांनी १९७५ साली दाखवून दिले. डाळीचे पीठ, अक्रोडाच्या कवचाची भुकटी किंवा खरखरीत टॉवेल यांनी चेहरा जोराने घासल्यानेही हेच होते. बुच रोमकुपाच्या आत असतो. वरून कितीही घासले तरी तो निघत नाही, उलट दाह झालेली पुळी आतल्या आत फुटण्याचा संभव वाढतो. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा आणि खूप घाम आल्यास आणखी एकदा तोंड धुणे पुरेसे आहे.

चोळून केलेल्या मालिशाचीही गोष्ट अशीच आहे. समारंभापूर्वी चेहऱ्याला मालिश करवून घेतल्यानंतर काही आठवड्यांनी गालांवर खोल, दुखऱ्या गाठी उठलेल्या भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना आढळल्या आहेत. मधल्या काळात समारंभ आटोपलेला असतो आणि मालिशाची आठवणही उरलेली नसते.

घर्षण, दाब आणि बोटे

एकाच जागी सतत दाब किंवा घर्षण होत राहिल्यास तेथे मुरमे येतात. शिरस्त्राणाचे पट्टे आणि घट्ट बसणारी साधने यांच्याखाली उठणाऱ्या मुरमांचे वर्णनही मिल्स आणि क्लिगमन यांनी १९७५ सालीच केले. दुचाकीस्वाराच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा, पाठीवरच्या पिशवीचे बंद, घामाने भिजलेले घट्ट कृत्रिम धाग्यांचे कपडे ही याची आपल्याकडील उदाहरणे होत. २०२० साली कोविडच्या साथीत दिवसभर मुखपट्टी बांधणाऱ्यांना याचा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. हेल्मेट किंवा मुखपट्टी टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. अस्तर स्वच्छ ठेवावे, घाम टिपावा आणि घामट कपडे लवकर बदलावेत.

वाचताना हनुवटी तळहातावर टेकणे, विचार करताना पुळी चाचपणे आणि आरशासमोर ती पिळणे, या सवयी याच वर्गात मोडतात. त्यांतील शेवटची सर्वांत घातक होय. पिळल्याने बराचसा स्राव बाहेर न येता त्वचेच्या आतील थरांत पसरतो. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत दाहानंतर काळे डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते. पुळी आठवड्यात बरी झाली तरी डाग कित्येक महिने रेंगाळतो आणि खोल व्रण पडल्यास तो आपोआप बुजत नाही.

आहार

आहाराविषयी घरोघरी ठाम मते ऐकू येतात. विज्ञानाचे मत मात्र बदलत आले आहे. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांवर केलेल्या चॉकलेटच्या एका प्रयोगात मुरमांवर काही परिणाम दिसला नाही आणि पुढे अनेक वर्षे आहाराचा मुरमांशी संबंध नाही असे मानले गेले. पण तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या वड्यांतही साखर आणि स्निग्ध पदार्थ भरपूर होते, ही त्या प्रयोगातील उणीव नंतर दाखवण्यात आली. २००७ साली ऑस्ट्रेलियातील ४३ तरुणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात, रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरमे दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. गोड पेये, मैदा आणि मिठाई यांवर नियंत्रण ठेवणे म्हणूनच हिताचे दिसते. दूध आणि मुरमे यांचा संबंधही काही पाहण्यांत आढळला आहे, परंतु तो सर्वांनाच लागू पडतो असे नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी मात्र दुधातील प्रथिनांची भुकटी सुरू केल्यावर पाठीवर मुरमे उठली काय, हे अवश्य पाहावे.

सर्वांत धोक्याची सवय

आतापर्यंतच्या सवयी त्रासदायक असल्या तरी सुधारता येण्याजोग्या आहेत. खरा धोका आहे तो औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ही मलमे इसब किंवा सोरायसिस यांसारख्या विकारांवर वैद्यकीय देखरेखीखाली उपयुक्त असतात. चेहऱ्यावर लावल्यास लाली दोन-तीन दिवसांत ओसरते आणि वर्णही किंचित उजळल्यासारखा वाटतो. त्यामुळे 'गुण येतो' अशी ख्याती होऊन मलम मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि ज्यासाठी मलम लावले ती मुरमेच अधिक जोमाने उठतात. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन आग होते, आणि ती शमवण्यासाठी पुन्हा तेच मलम हाती घेतले जाते.

भारतातील १२ केंद्रांत चेहऱ्याचे विकार असलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध करण्यात आले. त्यांतील ४३३ जण स्टिरॉइडचे मलम लावत होते. त्यांपैकी सुमारे तीन दशांश लोकांनी ते गोरेपणासाठी किंवा साधे क्रीम म्हणून, तर सुमारे एक चतुर्थांश लोकांनी मुरमांसाठीच वापरले होते. सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरमे येणे किंवा असलेली वाढणे. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ औषधांच्या मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये अशी तरतूद केली. तरीही नळीवरील घटकांची नावे वाचणे ही ग्राहकाची स्वतःची जबाबदारी राहतेच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव आढळल्यास ते मलम आपणहून चेहऱ्याला लावू नये. पूर्वीपासून लावत असल्यास एकाएकी न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

सवय ओळखावी कशी

कारण आणि परिणाम यांत आठवड्यांचे अंतर असल्याने सवयीची पारखही सबुरीनेच करावी लागते. एकाच वेळी सर्व काही बदलू नये. मुरमांची जागा काय सांगते ते प्रथम पाहावे. ती कपाळावर केसांच्या कडेने असल्यास तेलावर, हनुवटीवर असल्यास पट्ट्यावर किंवा हातावर आणि सर्व चेहऱ्यावर असल्यास एखाद्या प्रसाधनावर संशय घ्यावा. मग एकच सवय सोडून किंवा बदलून सहा ते आठ आठवडे वाट पाहावी. औषधोपचारालाही इतकाच किंवा अधिक अवधी द्यावा लागतो. चार दिवसांत गुण येत नाही म्हणून औषध बदलत राहणे हीदेखील एक वाईट सवयच होय.

गाठी खोल आणि दुखऱ्या असतील, व्रण पडू लागले असतील, अथवा स्त्रियांच्या बाबतीत मुरमांबरोबर मासिक पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर लव वाढत असेल, तर सवयींच्या शोधात वेळ न दवडता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मुरमांनी त्रस्त झालेल्या मुलाला किंवा मुलीला घरातील मंडळी बहुधा दोनच गोष्टी सांगतात : तोंड नीट धूत जा आणि तेलकट खाऊ नकोस. या उपदेशात दोषारोप अधिक आणि मदत कमी असते. मुरूम हा अपराध नाही किंवा आळसाचे फळही नाही. तो एका छोट्याशा रोमकुपात घडणारा बिघाड आहे. त्यात भर घालणारी एखादी सवय शोधून ती शांतपणे सोडून देणे, एवढे मात्र आपल्याला करता येते आणि पुष्कळदा तेवढ्यानेही चेहरा बराच निवळतो.