विश्लेषण : ब्रेक नसलेल्या मोटारसायकलवर सहा वेळा जगज्जेता! पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने हे कसे साधले?

स्पीडवे या मोटारसायकल शर्यतींच्या खेळात पोलंडच्या बार्तोश झ्मार्झलिकने २०२५ मध्ये सहावे जगज्जेतेपद पटकावले. हंगामाअखेर त्याचे गुण होते १८३, तर उपविजेत्या ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झचे १८२. शेवटच्या सलग पाच फेऱ्या कर्ट्झने जिंकल्या, तरीही जगज्जेतेपद झ्मार्झलिककडेच राहिले. हे कसे घडले, आणि फुटबॉलवेड्या युरोपात पोलंड या खेळासाठी इतका वेडा का, याचा आढावा.

स्पीडवे म्हणजे काय?

भुसभुशीत मातीचा लंबगोल ट्रॅक, चार मोटारसायकलस्वार आणि चार फेऱ्या. एक शर्यत साधारण मिनिटभरात संपते, म्हणजे क्रिकेटमधील एका षटकापेक्षाही कमी वेळात. मोटारसायकल ५०० सीसी क्षमतेची, एका सिलिंडरची आणि मिथेनॉलवर चालणारी असते. तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतात. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम घसरवतो, पुढचे चाक उलट्या दिशेला वळवतो आणि डावा पाय जमिनीला टेकवतो. त्यासाठी डाव्या बुटाला पोलादी तळ बसवलेला असतो. वेगावर सारे नियंत्रण थ्रॉटल आणि शरीराच्या तोलावर. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण मिळतो. चौथ्याच्या हाती काहीच लागत नाही. सुरुवातीच्या फितीला वेळेआधी स्पर्श झाला, तरी शिक्षा होते. ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात रुजलेला हा खेळ १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये पोहोचला आणि १९३६ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर पहिला जगज्जेता ठरला.

पोलंडमध्ये एवढी लोकप्रियता कशी?

पोलंडमधील गोझुव, तोरुन, लेश्नो, झेलोना गुरा अशा मध्यम आकाराच्या शहरांची ओळखच स्पीडवे क्लबशी जोडलेली आहे. देशातील ‘एक्स्त्रालिगा’ ही जगातील सर्वात तगडी स्पीडवे लीग मानली जाते. ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, स्वीडन, ब्रिटन येथील अव्वल स्वार तेथे खेळतात. एका सामन्यात १५ शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यतीत दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार उतरतात. त्यामुळे स्वतः पुढे जाण्याबरोबरच सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे हेही कौशल्य ठरते. तरीही वैयक्तिक जगज्जेतेपदाने पोलंडला दीर्घकाळ हुलकावणी दिली. १९७३ मध्ये होझुव येथे येझी श्चाकियेलने निर्णायक शर्यतीत न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरला हरवले. त्यानंतरच्या विजेत्यासाठी देशाला ३७ वर्षे थांबावे लागले.

गोल्लोबचा वारसा काय?

ही प्रतीक्षा संपवली तोमाश गोल्लोबने. आताची ग्रांप्री मालिका १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा व्रोत्स्वाफ येथील पहिलीच फेरी त्याने जिंकली होती. १९९९ मध्ये मालिकेत आघाडीवर असताना झालेल्या अपघाताचा फटका बसला आणि जगज्जेतेपद निसटले. अखेर २०१० मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, तो जगज्जेता झाला. त्या काळात तो स्ताल गोझुव क्लबकडून खेळत असे. त्याच क्लबमध्ये झ्मार्झलिक नावाचा किशोर घडत होता. एप्रिल १९९५ मध्ये, गोल्लोबच्या त्या पहिल्या ग्रांप्री विजयाच्या जेमतेम महिनाभर आधी, त्याचा जन्म झाला होता.

झ्मार्झलिकची वाटचाल कशी झाली?

२०१४ मध्ये गोझुवच्या घरच्या ट्रॅकवर झ्मार्झलिकला ग्रांप्रीत विशेष प्रवेश मिळाला आणि १९ वर्षांच्या या मुलाने ती फेरीच जिंकली. २०१५ मध्ये तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला. २०१६ मध्ये पहिल्याच पूर्ण हंगामात कांस्य, २०१८ मध्ये रौप्य आणि २०१९ मध्ये सुवर्ण अशी चढती कमान राहिली. २०२० मध्ये त्याने जेतेपद राखले. दोनदा जगज्जेता होणारा तो पहिलाच पोलिश स्वार ठरला. २०२१ मध्ये रशियाच्या आर्तेम लागुताने त्याला अवघ्या तीन गुणांनी मागे टाकले. त्यानंतर २०२२ ते २०२५ अशी सलग चार जगज्जेतेपदे त्याने मिळवली. २०२३ पासून क्लब स्तरावर तो गोझुव सोडून लुब्लिनकडून खेळू लागला.

पोशाखामुळे जेतेपद धोक्यात कसे आले?

२०२३ मध्ये डेन्मार्कच्या वोयेन्स येथील फेरीआधी झ्मार्झलिककडे २४ गुणांची आघाडी होती. तेथेच जेतेपद निश्चित होईल, अशी चिन्हे होती. मात्र, पात्रता सत्रात त्याने घातलेला पोशाख मालिकेच्या नियमांत बसणारा नव्हता. त्याला संपूर्ण फेरीतून अपात्र ठरवण्यात आले. स्वीडनच्या फ्रेडरिक लिंडग्रेनने ही संधी साधली आणि आघाडी सहा गुणांवर आली. अखेर तोरुन येथील शेवटच्या फेरीत झ्मार्झलिकने जेतेपद राखले.

एका गुणाचे गणित काय?

२०२५ मध्ये शेवटची फेरी पुन्हा वोयेन्सलाच होती. पहिलाच पूर्ण हंगाम खेळणारा कर्ट्झ एकामागून एक फेऱ्या जिंकत होता. तेथेही अंतिम शर्यत त्यानेच जिंकली, पण झ्मार्झलिक दुसरा आला आणि तेवढे पुरेसे ठरले. ग्रांप्रीत फेरीच्या विजेत्याला २०, उपविजेत्याला १८ गुण मिळतात. म्हणजे जिंकल्याने मिळणारा फायदा दोनच गुणांचा. मात्र एखादी रात्र वाईट गेली, अंतिम शर्यत हुकली, तर कितीतरी अधिक गुण हातचे जातात. दहा फेऱ्यांत १८३ गुण म्हणजे फेरीमागे सरासरी १८ हून अधिक. झ्मार्झलिकने हंगामात अशी वाईट रात्र येऊच दिली नाही. कर्ट्झच्या विजयांच्या धडाक्यासमोर हे सातत्यच निर्णायक ठरले.

धोका किती?

दुखापती या खेळाच्या पाचवीलाच पुजलेल्या आहेत. चार स्वार एकाच वेळी पहिल्या वळणावर घुसतात. तेथे एकाचा तोल गेला, तर मागच्याला ब्रेक लावण्याची सोय नसते. स्पीडवेमध्ये अनेक अपघात पचवलेल्या गोल्लोबची कारकीर्द मात्र एप्रिल २०१७ मध्ये मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर संपली. तेथे मणक्याला झालेल्या गंभीर दुखापतीने त्याला चाकाच्या खुर्चीला जखडून ठेवले. त्यामुळे हंगामामागून हंगाम प्रत्येक फेरीत तंदुरुस्त उतरणे, हेच या खेळात मोठे यश मानावे लागते.

पुढे काय?

सहा जगज्जेतेपदांसह झ्मार्झलिकने आयव्हन मॉगर आणि स्वीडनच्या टोनी रिकार्डसनच्या विक्रमाची बरोबरी केली आहे. मॉगरने सहावे जेतेपद ३९ व्या, तर रिकार्डसनने ३५ व्या वर्षी मिळवले. झ्मार्झलिक तेथे तिसाव्या वर्षीच पोहोचला. सातव्या जेतेपदासह विक्रम एकट्याच्या नावे करण्यासाठी त्याच्या हाताशी वय आहे. मात्र, आता कर्ट्झच्या रूपाने तितकाच वेगवान प्रतिस्पर्धीही आहे. सहाव्या वेळी पुरलेला एक गुण सातव्या वेळी पुरेलच, याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.