हात उचलण्याआधी कंबर कसली जाते

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला तुम्ही हात उचलता. खांद्याचा स्नायू कामाला लागतो त्याच्या आधी, सेकंदाचा अगदी बारीक तुकडा आधी, पोटात खोलवर एक स्नायू आवळला गेलेला असतो. तुम्ही त्याला हुकूम दिलेला नसतो. तो तिथे आहे हेही बहुतेकांच्या गावी नसतं. हात वर जाणार, म्हणजे तोल बदलणार, म्हणजे कण्याला आधार लागणार, हा सगळा हिशेब मेंदूने परस्पर उरकलेला असतो.

एखाद्या कामाला भिडण्याआधी आपण मराठीत कंबर कसतो. हा वाक्प्रचार धोतर-पदराचा आहे असंच मी आजवर धरून चाललो होतो. तो शरीरशास्त्रालाही लागू पडतो हे कळलं तेव्हा गंमत वाटली.

या स्नायूचं नाव भारदस्त आहे: ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. सिनेमातले नायक पोटावर जे चौकोन मिरवतात तो सर्वांत वरचा थर, त्याचे धागे उभे. हा सर्वांत आतला आणि याचे धागे आडवे, पाठीकडून वळसा घालून पुढे येणारे, कमरेला गुंडाळलेल्या शेल्यासारखे. भेट हवी असेल तर कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारी दोन हाडं शोधा, तिथून दोन बोटं आत सरकून बोटांची टोकं हलकेच रुतवा आणि बारीक खोका. बोटांखाली जे ताठरतं, त्यात तोही असतो.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन या संशोधकांनी त्याच्यावर पाळत ठेवली. स्नायूंमध्ये बारीक तारा घालून त्यांनी लोकांना खूण मिळताच हात उचलायला सांगितलं. कंबर धड असलेल्यांमध्ये हा आतला शेला हात हलण्याआधीच आवळला गेला. कंबरदुखीने ग्रासलेल्यांमध्ये त्याला उशीर झाला. उशीर तरी केवढा, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत मोजावा एवढा! दुखण्यामुळे उशीर होतो की उशिरामुळे दुखणं येतं, यावर जाणकार अजून भांडतात. पण कमरेचं गुपित ताकदीइतकंच वेळेवर जागं होण्यातही असू शकतं, ही कल्पना त्या तारांनी जगासमोर आणली.

आणि इथे मला तो जर्मन माणूस आठवतो. त्याच्याकडे ना तारा होत्या ना वैद्यकाची पदवी. पण या प्रयोगाच्याही ऐंशी वर्षं आधी, काटेरी तारेच्या कुंपणाआड, तो लोकांना पोट आत ओढून मगच हातपाय हलवायला शिकवत होता.

जोसेफ पिलाटेसचा जन्म १८८३ सालचा, जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाखचा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी त्याला पिडलं होतं असं सांगतात. किडकिडीत पोरं पुढे तालमीच्या नादी लागतात, तसा तोही लागला: कसरती, मुष्टियुद्ध, जे मिळेल ते. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो इंग्लंडला गेला. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि तिथले जर्मन एका रात्रीत शत्रू ठरले. त्यालाही पकडून छावणीत टाकलं, आधी लँकेस्टरला आणि मग आयल ऑफ मॅन या बेटावरच्या नॉकालोला.

नॉकालोत लाकडी खोपट्यांमध्ये २३ हजारांवर माणसं डांबलेली होती. मारझोड किंवा सक्तमजुरी यांपेक्षा तिथला मोठा जाच रिकामपणाचा होता. वर्षानुवर्षं काही न करता बसून माणसं चिडचिडी, विसराळू, सुन्न होत. स्विस डॉक्टर आडोल्फ फिशर यांनी या आजाराला ‘काटेरी तारेचा आजार’ असंच नाव दिलं. अशा जागी एक माणूस उठतो आणि जमिनीवर झोपून करायचे व्यायाम शिकवू लागतो. साधन एकच, स्वतःचं शरीर. पुढे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी त्याने पलंगाला स्प्रिंगा बांधल्या अशी कथा आहे. त्याच्या व्यायामामुळे १९१८ च्या फ्लूच्या साथीत त्याच्या माणसांपैकी कुणी दगावलं नाही, अशीही एक कथा आहे. ही दुसरी माझ्या गळी उतरत नाही. विषाणू पोटाच्या स्नायूंना भीत नाहीत. तिसरी मात्र मला फार आवडते: छावणीतल्या मांजरांचे आळोखेपिळोखे बघून त्याला व्यायाम सुचले म्हणे. आयल ऑफ मॅन ज्या मांजरांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांना शेपूटच नसतं. पाठीच्या कण्याकडे लक्ष जायला याहून सोयीचं मांजर कुठलं?

१९२६ मध्ये तो अमेरिकेला गेला. बोटीवर त्याला क्लारा भेटली, आणि पुढची चाळीस वर्षं न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतीत दोघांनी आपली तालीम चालवली. आसपास नाचाचे वर्ग होते. पाय मुरगळलेले, गुडघे धरलेले नर्तक जिने चढून त्याच्याकडे येऊ लागले. जॉर्ज बॅलनचीन, मार्था ग्रॅहॅम यांच्यासारखे दिग्गज आपल्या नर्तकांना त्याच्याकडे धाडत. पद्धतीला त्याने नाव दिलं होतं ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे ताब्यात ठेवण्याचं शास्त्र. नाव काही चाललं नाही. लोक म्हणत, पिलाटेसकडे जातो, आणि तेच शेवटी नाव पडलं.

त्याच्या तालमीतलं मुख्य यंत्र म्हणजे रिफॉर्मर. पलंगाएवढी चौकट, तिच्यात रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी, गादीला स्प्रिंगा. प्रथम बघणाऱ्याला छळायचं यंत्र वाटावं! पण त्यामागचा विचार बघा. डंबेलचं वजन उचलताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच असतं. स्प्रिंगेचा जोर ताणाल तसा वाढत जातो आणि तुम्ही ढिले पडलात की ती तुम्हाला मागे खेचते. म्हणजे खरी परीक्षा परत येताना. ढकलायला ताकद पुरते. स्प्रिंगेला न जुमानता सावकाश माघारी यायला ताबा लागतो. तो सुटला की गादी धाडकन आपटते आणि सगळ्या वर्गाला कळतं कुणाची चूक झाली ती. शिक्षकाला बोलावंच लागत नाही.

पिलाटेसची सहा तत्त्वं म्हणून एक यादी हल्ली सगळीकडे दिसते: एकाग्रता, ताबा, केंद्र, ओघ, अचूकपणा, श्वास. गंमत अशी की या सहाची मोळी त्याने स्वतः बांधलेलीच नाही. तो गेल्यावर, १९८० मध्ये, फिलिप फ्रीडमन आणि गेल आयझन यांच्या पुस्तकात ती आली. एकाग्रता, अचूकपणा वगैरे गोष्टी कुठलाही वस्ताद सांगेल. माझ्या मते यात पिलाटेसचं खास म्हणावं असं दोनच ठिकाणी आहे, केंद्र आणि श्वास, आणि ती दोन्ही मुळात एकच आहेत.

धड म्हणजे एक बंद डबा आहे असं समजा. झाकण म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल. तळ म्हणजे ओटीपोटाच्या खालचा स्नायूंचा झोळा. पुढून आणि बाजूंनी तो आडवा शेला. मागे, मणक्या-मणक्याला चिकटलेले मल्टिफिडस नावाचे छोटे स्नायू. पाण्याने काठोकाठ भरलेली प्लास्टिकची बाटली बूच घट्ट असेल तर हाताने दाबून दबत नाही; बूच सैल केलं की तीच बाटली चेपते. कण्याचंही थोडंबहुत असंच आहे. तो नुसत्या हाडांवर उभा नाही, आतल्या दाबावरही उभा आहे. आणि या डब्याचं झाकण प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर होतं! म्हणून श्वास आणि कंबर वेगळी शिकवता येत नाहीत. या पद्धतीत श्वास घेताना पोट फुगवायचं नाही, बरगड्या दोन्ही बाजूंना उघडायच्या. सोडताना ओलं फडकं पिळावं तसा शेवटच्या थेंबापर्यंत सोडायचा. ज्यांनी पोट फुगवून प्राणायाम केला आहे त्यांना हे सुरुवातीला उलटं वाटतं.

१९४५ मध्ये पिलाटेसने पुस्तक लिहिलं, त्यात सतरंजीवरचे ३४ व्यायाम आहेत. पहिल्याचं नाव नुसतं ‘हंड्रेड’. उताणं झोपून डोकं आणि पाय उचलायचे, हात मांड्यांशेजारी खालीवर हलवायचे, पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाच हेलकाव्यांत बाहेर, असे शंभर. वाचायला पोरखेळ. मी करून पाहिला तेव्हा साठाच्या पुढे मानेने राजीनामा दिला. मान दुखते याचा अर्थ पोट कामचुकारपणा करतंय, असं शिकवणारे सांगतात, आणि ते ऐकून बरं वाटत नाही. बाकीचे बहुतेक व्यायाम मोजक्याच वेळा करायचे असतात. दंड-बैठकांचे शेकडे मोजण्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तीनदा करून थांबणं चुकल्यासारखं वाटतं. पण तिसऱ्यांदा एकेक मणका सुटा करत उठून बसायचं म्हटलं की कळतं, तीन पुष्कळ झाले.

फायद्यांचं काय? जाहिराती सांगतील की पोट सपाट होतं, उंची वाढते, आयुष्य बदलतं. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखी आणि पिलाटेस यांवरच्या दहा चाचण्या तपासल्या. त्यांत ५१० माणसं होती. निष्कर्ष प्रामाणिक आहे: काही न करण्यापेक्षा किंवा जुजबी उपचारापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि अडचण कमी होते, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. ज्येष्ठांच्या तोलालाही त्याचा उपयोग होताना दिसतो. वजन उतरवायचं असेल तर मात्र हा रस्ता लांबचा आहे, आणि हृदयासाठी भरभर चालणं काही सुटत नाही. मला विचाराल तर त्याची खरी देणगी मोजपट्टीत बसणारी नाही. चार आठवड्यांनी बादली उचलताना आपण आधी कंबर कसतो आहोत हे लक्षात येतं. आपल्याच शरीरात इतकी वर्षं न बोलता राबणाऱ्या एका स्नायूची ओळख होते, ती नंतर पुसली जात नाही.

जोसेफ १९६७ मध्ये गेला, ८३ व्या वर्षी. पुढे त्याच्या नावावर मालकी सांगण्याची चढाओढ लागली आणि प्रकरण न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेलं. २००० साली निकाल आला की पिलाटेस हे आता योग किंवा कराटेसारखं एका व्यायामपद्धतीचं नाव झालं आहे. ते कुणा एकाचं नाही. तेव्हा महागड्या रिफॉर्मरसाठी अडून बसू नका, सतरंजी पुरते. सुरुवातीचे काही दिवस जाणता शिक्षक नजरेसमोर असू द्या. आणि हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल, तर पाठ गोल करून लोळण्याचे आणि पुढे वाकण्याचे व्यायाम करू नका. तशा हाडांचे मणके त्यात दबून मोडू शकतात. बाकीचे कोणते करायचे ते आधी डॉक्टरांना विचारा.