दोन राज्यांच्या राजधानीतील शालान्त परीक्षा

पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेले चंदीगड स्वतः मात्र कोणत्याच राज्यात मोडत नाही. १९६६ साली ते केंद्रशासित झाले. मग तेथील मुलांची शालान्त परीक्षा घ्यावयाची कोणी? शेजारच्या दोन्ही राज्यांना आपापली मंडळे आहेत. परंतु नगरातील शासकीय शाळा संलग्न आहेत त्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी.

या मंडळाचे मूळ दिल्लीत नसून अजमेरात आहे. १९२९ साली राजपुताना, मध्य हिंदुस्थान व ग्वाल्हेर यांच्यासाठी तेथे परीक्षा मंडळ स्थापन झाले. ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरांशी त्याचा संबंध असा फार जुना! पुढे ठिकठिकाणी नवी विद्यापीठे व राज्यांची मंडळे निघाली, आणि त्याची कक्षा आक्रसत अजमेर, भोपाळ व विंध्य प्रदेश एवढ्यापुरती उरली. १९५२ साली ती पुन्हा वाढली व मंडळास आजचे नाव मिळाले.

१९६२ सालच्या पुनर्रचनेत बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचा विचार प्रमुख होता. वडिलांची बदली पुण्याहून चंदीगडला झाली, की राज्य मंडळाच्या शाळेतील मुलाचा अभ्यासक्रम मध्येच पालटतो. केंद्रीय मंडळाच्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्याचे गणित जेथे थांबले, साधारणपणे तेथूनच पुढे चालू होते. मराठीचे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. मंडळाच्या विषयांत मराठी आहे. पण चंदीगडच्या शाळेत ती शिकविणारा शिक्षक मिळणे कठीण, आणि ते काम बहुधा घरी आईवडिलांनाच करावे लागते.